औरंगाबादचा तट आणि ‘बावन्न दरवाजे’

औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, हें ‘बावन्न दरवाज्यांचें शहर’ आहे, हें वाक्य प्रवासी पुस्तिकांत, शाळेंतील पाठांत व व्याख्यानांत इतक्या वेळां आलें आहे कीं, तें तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. वास्तविक हें विधान इतिहासाचें आहे. आणि इतिहासाचें विधान केवळ जुनें झालें म्हणून सिद्ध होत नाहीं. त्यास कागदाचा, नाहीं तर दगडाचा आधार लागतो. प्रस्तुत लेखांत आम्हीं या विधानाची छाननी करण्याचें योजिलें आहे. बावन्न हा आंकडा खरा कीं खोटा, एवढाच आमचा प्रश्न नाहीं. हा आंकडा सांगतां सांगतां आपण दरवाजे मोजीत राहिलों, आणि ज्या तटाचे ते दरवाजे तो तट डोळ्यांदेखत नाहींसा होत गेला, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

प्रथम कालक्रम लावून घेऊं. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी या गांवीं निजामशाहीची राजधानी वसविली. त्यानें डोंगराकडून पाण्याची नहर आणिली व पेठा घातल्या. १६२६ सालीं तो वारल्यावर त्याचा मुलगा फत्तेखान यानें गांवास फत्तेनगर हें नांव दिलें. १६३६ सालीं निजामशाही बुडाली. शहाजादा औरंगजेब दुसऱ्या खेपेस दक्षिणेचा सुभेदार होऊन १६५३ सालीं येथें राहूं लागला, आणि औरंगाबाद हें नांव रूढ झालें. २०२३ सालीं सरकारी अधिसूचनेनें शहरास छत्रपती संभाजीनगर हें नांव मिळालें. या लेखांत ज्या काळाची गोष्ट सांगावयाची त्या काळचें नांव आम्हीं ठेविलें आहे.

आतां या निरनिराळ्या अवस्थांत शहरास तट होता काय? अंबराच्या खडकीचा भरंवसा भिंतीवर नसून दौलताबादच्या किल्ल्यावर व स्वतःच्या हलक्या घोडदळावर होता, असेंच दिसतें. १६१६ सालीं रोशनगांवच्या लढाईनंतर मोंगल फौजा खडकींत शिरल्या व त्यांनीं शहर उद्ध्वस्त केलें. अंबर दौलताबादच्या आश्रयास गेला. पुढील पिढीचा पुरावा याहून स्पष्ट आहे. फ्रेंच प्रवासी तेव्हेनो १६६६-६७ च्या सुमारास दक्षिणेंतून गेला. औरंगाबाद हें मोठें व भरवस्तीचें शहर आहे असें सांगून त्यास तट नाहीं असें तो नमूद करितो. औरंगजेबाच्या दोन्ही सुभेदाऱ्या तेव्हां होऊन गेल्या होत्या, त्याला बादशहा होऊन आठ वर्षें लोटलीं होतीं, आणि तरीही शहर उघडें होतें. म्हणजे औरंगजेब सुभेदार होऊन आला व त्यानें शहरास तट घातला, अशी जी सरसकट समजूत आहे ती टिकत नाहीं.

मग तट आला केव्हां व कां? निजाम सरकारच्या आज्ञेनें १८८४ सालीं निघालेल्या औरंगाबादच्या गॅझेटियरांत तो १६८२ चा म्हणून सांगितला आहे. हें साल त्या वेळच्या घटनांशीं पूर्णपणें जुळतें. नोव्हेंबर १६७९ मध्यें शिवाजी महाराजांनीं जालना लुटलें. जालना औरंगाबादेपासून पूर्वेस सुमारें चाळीस मैल. आणि त्या वेळीं शहाजादा मुअज्जम औरंगाबादेंतच होता. जानेवारी १६८१ मध्यें संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हंबीरराव मोहित्यांची फौज बऱ्हाणपुरावर चालून गेली. तेथें जें घडलें तें आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलकें आहे. तटाबाहेरचा बहादूरपुरा हा संपन्न पुरा मराठ्यांनीं तीन दिवस लुटला. तटाच्या आंतलें शहर मात्र त्यांच्या हातीं लागलें नाहीं. बऱ्हाणपूरच्या प्रतिष्ठितांनीं त्यावर बादशहाकडे कळकळीचे अर्ज धाडले, असें खाफीखान सांगतो. त्याच वर्षीं बंडखोर शहाजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. १६८१ च्या नोव्हेंबरांत औरंगजेब बऱ्हाणपुरास व पुढील वर्षाच्या मार्चांत औरंगाबादेस पोंचला. तट असलेलें शहर वांचतें व तटाबाहेरचा पुरा जातो, हा धडा त्यानें बऱ्हाणपुरांत नुकताच पाहिला होता. औरंगाबादचा तट हें त्या धड्याचें उत्तर होय.

हा कालक्रम एकदां ध्यानांत आला म्हणजे तटाच्या बांधणीचा अर्थ लागूं लागतो. गॅझेटियरांतील वर्णनाप्रमाणें ही भिंत भरीव दगडी बांधणीची असून तिची उंची सुमारें चौदा फूट होती. कांहीं ठिकाणीं आंतील जमीन चढत चढत तटाच्या माथ्याशीं आलेली होती. दरवाज्यांवर व बुरुजांवर सुमारें सहा फूट उंचीच्या चर्या, चर्यांमध्यें तोफांसाठीं झरोके व बंदुकांसाठीं जंग्या, कोपऱ्यांवर व मध्यें ठराविक अंतरावर अर्धवर्तुळाकार बुरूज, आणि कमानींच्या वर खालच्या शत्रूवर मारा करण्यासाठीं पुढें काढलेले सज्जे, असा एकंदर थाट होता.

किल्ल्यांचा अभ्यास केलेल्या वाचकास यांत एक गोष्ट ताबडतोब खटकेल. चौदा फूट ही कांहीं किल्ल्याच्या तटाची उंची नव्हे. अवघ्या आठदहा मैलांवर दौलताबादचा डोंगर आहे. तेथील कडा व खंदक ज्यानें पाहिले आहेत त्यास हा शहरतट ठेंगणा वाटल्यावांचून राहणार नाहीं. चौदा फुटांवर शिडी लागते. तोफखाना घेऊन महिनोन्‌महिने वेढा घालणाऱ्या शत्रूपुढें अशी भिंत फार काळ टिकणार नाहीं. परंतु चौदा फूट भिंत घोड्यास ओलांडतां येत नाहीं. रात्रींतून मजल मारून पहांटेस पेठेंत घुसावें, सराफकट्टा गांठावा आणि शहराचा बंदोबस्त जागा होण्यापूर्वीं निघून जावें, ही जी मराठ्यांच्या घोडदळाची चाल, तिला अडविण्यास एवढी भिंत पुरेशी आहे. हा तट तोफेकरितां बांधलेला नसून घोड्याकरितां बांधलेला आहे. मराठ्यांच्या युद्धपद्धतीचें मोंगलांनीं केलेलें मूल्यमापन या उंचीच्या आंकड्यांत उतरलें आहे, आणि तेंही कोणत्याही अखबारापेक्षां अधिक प्रामाणिकपणें; कारण अखबार लिहिणारा बादशहाचें मन राखून लिहीत असे, दगड रचणाऱ्या गवंड्यास तसें करण्याचें कारण नव्हतें.

आतां दरवाज्यांकडे वळूं. प्रचलित याद्यांचा मोठा दोष असा कीं, त्यांत ‘दरवाजा’ या एकाच शब्दाखालीं चार भिन्न जातींच्या वास्तू एकत्र मोजल्या आहेत.

पहिली जात स्मारकाची. भडकल दरवाजा हें तिचें उदाहरण. तो मलिक अंबरानें मोंगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ सालीं उभारिला असें सांगतात. शहरांतील दरवाज्यांत तो सर्वांत भव्य गणला जातो, आणि म्हणूनच प्रत्येक यादींत त्याचें नांव अग्रभागीं असतें. परंतु तो १६८२ च्या तटाचा दरवाजा कसा असेल? तट येण्याच्या सत्तर वर्षें आधीं तो उभा होता. त्याच्या उभारणीनंतर चारच वर्षांनीं मोंगल खडकींत शिरले, हेंही विसरतां येत नाहीं. भडकल हें विजयाचें द्वार आहे. त्यास तटाच्या दरवाज्यांत मोजणें म्हणजे विजयस्तंभास बुरूज म्हणणें होय.

दुसरी जात खऱ्या तट-दरवाज्यांची. उत्तरेस दिल्ली दरवाजा, पूर्वेस जालना दरवाजा, दक्षिणेस पैठण दरवाजा व पश्चिमेस मकाई म्हणजे मक्का दरवाजा, हे चार प्रमुख. चौघांचीं नांवें ते ज्या दिशेस वा ज्या वाटेवर उघडत त्यांवरून पडलीं आहेत, ही गोष्टच त्यांच्या उपयोगाची साक्ष देते. यांतील जालना दरवाजा आतां उरलेला नाहीं. या चारांखेरीज रोशन, कटकट, महमूद, बारापुल्ला, जाफर, खिजरी, खास इत्यादि दुय्यम दरवाजे. पश्चिमेच्या बाजूस खाम नदी तटाच्या लगत वाहते. तिनें त्या अंगास आयताच खंदक दिला. म्हणूनच मकाई, महमूद व बारापुल्ला या तिन्ही दरवाज्यांपुढें नदीवरचे पूल आहेत. पूल व दरवाजा येथें एकाच योजनेचे दोन भाग असून, त्यांचा निरनिराळा विचार करणें चुकीचें ठरेल.

तिसरी जात राजवाड्याच्या दरवाज्यांची. औरंगजेबानें १६९२ सालीं मकाई व दिल्ली दरवाज्यांच्या दरम्यान किले अर्क हा राजवाडा बांधविला. त्यास स्वतःची तटबंदी, स्वतःचे बुरूज व स्वतःचे दरवाजे होते. नौबत दरवाजा, रंगीन दरवाजा, काळा दरवाजा हे या परिसरांतील होत. नौबतीचें तर नांवच सांगतें कीं, येथें पहाऱ्याइतकेंच महत्त्व नगारखान्यास होतें. शहरतटाच्या दहा वर्षें मागून झालेल्या राजवाड्याचे हे दरवाजे शहराच्या तटाच्या खातीं जमा करणें म्हणजे सरकारवाड्याचा खर्च कोटाच्या हिशेबांत लिहिण्यासारखें आहे.

चौथी जात पुऱ्यांच्या वेशींची व लहान खिडक्यांची. हैदराबादेस या बाबतींत लोकांनींच विवेक राखिला होता. तेथील शहरतटाचे ‘दरवाजे’ निराळे व ‘खिडक्या’ निराळ्या मोजल्या जात. औरंगाबादेस हा भेद पुढें सुटला. मोहल्ल्याची कमान, एखाद्या सरदाराच्या हवेलीची देवडी, पुऱ्याची वेस, सर्वांस दरवाजा हें एकच नांव पडलें.

या चार जाती वेगळ्या काढल्या म्हणजे बावन्नाचें काय होतें तें पाहूं. गॅझेटियरांतील चार प्रमुख व बाकीचे दुय्यम दरवाजे मिळून होणारी बेरीज बावन्नाच्या जवळपासही जात नाहीं. साधा हिशेब केला तरी तेंच ठरतें. तटाचा घेर अगदीं सढळ हातानें सहा मैल धरिला तरी बावन्न दरवाज्यांस वांटून प्रत्येकीं सुमारें दोनशें यार्ड येतात. प्रत्येक दरवाज्यास चौकी पाहिजे, पहारा पाहिजे, सायंकाळीं दार लावणारा व सकाळीं उघडणारा माणूस पाहिजे. अवचित हल्ल्याच्या भीतीनें जो तट बांधिला, त्यांत दर दोनशें यार्डांवर एक भोंक पाडणारा कारभारी आम्हांस तरी कल्पितां येत नाहीं.

मग हा आंकडा आला कोठून? मराठींत बावन्न ही पूर्णतेची संख्या आहे. सोनें बावनकशी, वीर बावन, पेठेंतली वस्ती बावनखणी. मोजण्यासाठीं नव्हे, तर ‘कांहीं उणें नाहीं’ हें सांगण्यासाठीं ही संख्या वापरितात. औरंगाबादेंत ‘बावन्न पुरे’ असाही जोड-प्रवाद आहे, आणि आमच्या मतें दरवाज्यांच्या आंकड्याचें मूळ तेथें असावें. बेगमपुरा, जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा, जसवंतपुरा हीं नांवें दक्षिणेंत नेमणुकीस आलेल्या रजपूत राजांच्या व बादशाही घराण्याच्या छावण्यांची आठवण देतात. प्रत्येक पुऱ्यास वेस असणें स्वाभाविक. पुरे बावन्न तर वेशी बावन्न, आणि वेशी बावन्न तर दरवाजे बावन्न, अशी ही परंपरा वाढली असावी. हें आमचें अनुमान आहे. कागद मिळाल्यास तें सोडून देण्यास आम्ही तयार आहों. परंतु एक गोष्ट अनुमानाची नाहीं. बेगमपुरा, करणपुरा, पदमपुरा हे पुरे तटाच्या बाहेर आहेत. म्हणजे तटाची रेघ ओढतांना सर्व वस्ती आंत घेतली गेली नाहीं. कोणास आंत घ्यावयाचें व कोणास बाहेर ठेवावयाचें याचा निर्णय कोणी तरी केला. बहादूरपुऱ्याची गत ताजी असतां हा निर्णय कसा झाला, हा या शहराच्या इतिहासांतील खरोखरीचा प्रश्न आहे. ‘बावन्न’ या शब्दानें तो प्रश्न झांकून टाकिला.

दरवाजा कोणत्या जातीचा हें ठरविण्याची एक सोपी कसोटी आमच्या वाचकांनीं हाताशीं ठेवावी. तटाचा दरवाजा बंद व्हावा लागतो. दाराचे खुंटे ज्यांत फिरत त्या दगडी उखळ्या, अडसर सरकविण्याची भिंतींतील खोबण, पहारेकऱ्यांच्या देवड्या, आणि दोन्ही अंगांस भिंत जोडल्याच्या खुणा, यांपैकीं कांहींच ज्या कमानीस नाहीं ती तटाचा दरवाजा म्हणून मोजण्यापूर्वीं दहा वेळां विचार केला पाहिजे. यादी करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं या खुणा पाहून यादी केली, हा प्रश्न आम्ही नम्रपणें विचारतों.

याच कसोटीमुळें आजच्या जीर्णोद्धाराविषयींही लिहिणें प्राप्त झालें आहे. उभे असलेले दरवाजे आज डझनभराच्या आसपास आहेत. अलीकडच्या वर्षांत त्यांतील कित्येकांची डागडुजी झाली, झाडोरा काढला गेला, रात्रीं दिव्यांची रोषणाई झाली. ज्यांनीं हें केलें त्यांचे आभार मानिले पाहिजेत. कारण पडूं दिलेला दरवाजा पुन्हां उभा राहत नाहीं. परंतु दरवाजा वांचला म्हणजे तट वांचला, अशी जी समजूत पसरली आहे ती घातक आहे. भिंतीवांचून उभा असलेला दरवाजा पाहिला म्हणजे आम्हांस मजकूर फाटून गेलेल्या व केवळ शिक्का उरलेल्या पत्राची आठवण होते. शिक्का सुंदर असतो, संग्राहक तो जपून ठेवितो. पण पत्र कोणी, कोणास व कशासाठीं लिहिलें हें शिक्का सांगत नाहीं.

दरवाज्याच्या दोन्ही अंगांस तुटलेल्या भिंतीचे ओबडधोबड दातेरी चिरे बाहेर आलेले असतात. पाहणारास ती पडझड वाटते, म्हणून दुरुस्तींत तेथें गिलावा करून बाजू सपाट व साजरी करण्याचा मोह होतो. हे दातेरी चिरे म्हणजे तटाची जाडी, त्याची उंची, फांजीची पातळी व बांधणीचा क्रम सांगणारा शेवटचा पुरावा होय. भिंत व दरवाजा एकाच वेळीं बांधिले, कीं आधींच्या कमानीस मागून भिंत येऊन भिडली, हें तेथील सांध्यावरूनच कळतें. एखादा दरवाजा तटाच्या आधींचा कीं नंतरचा, हा वाद ज्या जागीं मिटूं शकतो, ती जागाच गिलाव्याखालीं गेली तर वाद कायमचा राहील. पोथीच्या मार्जिनांतील जुन्या हातच्या टीपा खोडून पान स्वच्छ करणाऱ्यास आपण काय म्हणूं? चुन्याच्या जागीं सिमेंट आल्यानें होणारी हानि कालांतरानें दिसते; ही हानि त्याच दिवशीं होते व कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

तुलनेसाठीं मुंबईचें उदाहरण घेण्यासारखें आहे. त्या बेटावरील शहरास इंग्रजांनीं १७१५-१६ च्या सुमारास तट घातला. अपोलो, चर्च व बाजार हे त्याचे तीन दरवाजे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर मुंबईचे व्यापारी घाबरले, आणि तटाभोंवतीं खंदक खणण्यास त्यांनीं तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. पुढें मराठ्यांचें भय सरलें, शहर तटांत मावेनासें झालें, व गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या कारकीर्दींत, १८६० नंतरच्या दशकांत, तट पाडून टाकण्यांत आला. आज सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बाजूस त्या तटबंदीचा थोडा अवशेष राहिला आहे, आणि चर्चगेट हें नांव आगगाडीच्या स्टेशनास उरलें आहे.

दोन्ही तट मराठ्यांच्या धास्तीनें उभे राहिले किंवा बळकट झाले, हें साम्य तर आहेच. परंतु फरक अधिक शिकविणारा आहे. मुंबईचा तट हुकूम काढून पाडला गेला. हुकूम निघाला म्हणजे दप्तर तयार होतें: नकाशे होतात, जागेचीं मापें होतात, लिलावाचे हिशेब राहतात. म्हणून तेथील भिंत गेली तरी भिंतीची रेघ कागदावर शिल्लक आहे. औरंगाबादच्या तटाचा नाश कोणत्याही एका हुकुमानें झालेला नाहीं. कोणी घराची मागील भिंत त्यावर चढविली, कोणी बुरुजाचे चिरे पायास नेले, कोठें रस्ता रुंद झाला, कोठें नाल्यावर पूल आला. एका दिवसांत एक दगड गेला, म्हणून कोणास कांहीं गेल्यासारखें वाटलें नाहीं. मुंबईस दरवाजे गेले व नांव राहिलें. येथें दरवाजे राहिले व त्यांस अर्थ देणारी भिंत गेली.

यावर दोन आक्षेप येण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, लाखो लोकांचें वाढतें शहर सतराव्या शतकांतील भिंतीच्या आंत कोंडून ठेवितां येत नाहीं. हा आक्षेप योग्य आहे. गेलेली भिंत पुन्हां बांधावी असें आम्ही म्हणत नाहीं. नवी बांधलेली जुनी भिंत ही बनावट सनदेहून वेगळी नाहीं. आमचें मागणें एवढेंच कीं, जे तुकडे खाम नदीच्या कांठीं व घरांच्या पाठीशीं अद्याप उभे आहेत, त्यांची लांबी, उंची, जाडी व जागा एकदां मोजून लिहून ठेवावी, आणि दरवाज्याची दुरुस्ती करण्यापूर्वीं त्याच्या दोन्ही बगलांचें रेखाटन व छायाचित्र घ्यावें.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. औरंगजेबानें बांधलेली भिंत आपण कां जपावी, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें: मराठ्यांच्या पराक्रमाविषयीं मराठी बखरकार जें लिहितो तें घरचें बोलणें म्हणून प्रतिपक्षी बाजूस सारूं शकतो. परंतु शत्रूनें स्वतःच्या खजिन्यांतून पैसा काढून, आपल्या दक्षिणेंतील मुख्य शहराभोंवतीं, संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर दोन वर्षांच्या आंत हातीं घेतलेली ही भिंत म्हणजे शत्रूच्या हातची कबुली आहे. तेव्हेनोच्या वेळीं मोंगलांस या शहरास कुंपण घालण्याची गरज वाटली नव्हती. पंधरा वर्षांनीं ती वाटली. या पंधरा वर्षांत दक्षिणेंत काय घडलें याचा याहून निःपक्षपाती साक्षीदार मिळणें कठीण. ज्या छत्रपतींच्या धास्तीनें हा तट उभा राहिला, त्यांचेंच नांव आज या शहरास आहे. त्या नांवाचा अभिमान बाळगणारानें तर या भिंतीचा एकेक चिरा मोजला पाहिजे. कबुलीजबाब ज्याच्या लाभाचा त्यानेंच तो रद्दींत टाकावा, ही गोष्ट आम्हांस समजत नाहीं.

शेवटीं आमच्या वाचकवर्गास एक विनंती. या विषयाचीं फारसी साधनें दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. भीमसेन सक्सेना, साकी मुस्तैदखान व खाफीखान यांचे ग्रंथ कै. सेतुमाधवराव पगडी यांच्या परिश्रमानें मराठी वाचकास उपलब्ध झाले आहेत. परंतु तवारिखा लिहिणारे बादशहाच्या स्वारीबरोबर फिरत; गल्लीबोळांतून तट कोणत्या रेघेनें गेला हें सांगणें हें त्यांचें काम नव्हतें. तें काम घरांच्या खरेदीखतांनीं, वांटणीपत्रांनीं व गहाणखतांनीं केलें आहे. जुन्या खतांत चतुःसीमा लिहिण्याची चाल सर्वांस माहीत आहे: पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस शहरपनाह. हा ‘शहरपनाह’ किंवा ‘तट’ शब्द ज्या खतांत आला आहे तें प्रत्येक खत म्हणजे गेलेल्या भिंतीचा एक चिरा आहे. अशीं शेंपन्नास खतें एकत्र आलीं, तर मोजणीदारास जी रेघ आज जमिनीवर सांपडत नाहीं ती कागदावर उभी करितां येईल. किती दरवाजे होते याचाही निकाल तेथेंच लागेल.

जुन्या शहरांतील घरें पडत आहेत, नवीं उठत आहेत, आणि माळ्यावरच्या पेट्या खालीं येत आहेत. संग्राहकाची नजर बहुधा सनदेकडे, चित्राकडे, सोनेरी वेलबुट्टीच्या पोथीकडे जाते. मोडी किंवा फारसी लिपींतलें मळकट खरेदीखत तो बाजूस सारितो व तें वजनावर विकलें जातें. तट दगड दगड करून गेला तसाच त्याचा कागदी पुरावा रुमाल रुमाल करून जात आहे. ज्यांच्या संग्रहीं अशीं खतें असतील त्यांनीं मूळ खत आपल्याजवळच ठेवावें, पण चतुःसीमेच्या चार ओळी तरी उतरून संशोधकांच्या हातीं द्याव्यात. ‘बावन्न दरवाजे’ हा शब्द लोकांच्या तोंडीं राहो. त्यास आमची हरकत नाहीं. इतिहासाच्या पानावर मात्र जो दरवाजा लिहावयाचा तो कोणत्या भिंतीचा, हें सांगतां आलें पाहिजे.